माया

नौपाड्यात, जिन्याखालच्या माझ्या दुकानाच्या पाटीवर
फॉल, बिडिंग, पिको, ब्लाउज अल्टर
एवढंच आहे.
तरी ऋजुता सामंतने पिशवीतून ते निळं काढलं
आणि टेबलावर ठेवण्याआधी
टेबल पुसलं, आपल्याच ओढणीने.

"युकाता म्हणतात, काकू. सुतीच आहे.
ओकादाबाईंचा. त्या परत चालल्यात जपानला, मला देऊन टाकला.
शनिवारी ऐरोलीला ऑफिसात त्यांचा उन्हाळी मेळा.
पण पुढे पुरत नाही."
कुणाला काय पुरत नाही यावर मी बोलत नाही.
धंदा आहे.

कुलूप-चाव्यांचे दळवी मात्र डोकावले,
"आपली नऊवारी काय वाईट होती?"
स्वतः बर्म्युडात.

मग ती एका दमात सांगते,
चुलत बहीण म्हणाली, तू कोण त्यांची?
दुसऱ्याचं असं अंगावर मिरवणं म्हणजे चोरीच, वर हसंही.
आई म्हणाली, फोटो काढून घे, स्थळांना पाठवू.
ऑफिसातला एक म्हणाला, डोळे बारीक कर, मग शोभेल.
"तुम्हाला काय वाटतं, काकू?"

मला?
मला वाटतं, आधी उसवून बघू.

माणसं सुलट बाजूने बघतात. आम्ही उलट बाजूने.
आत नुसत्या सरळ पट्ट्या, दीड-दीड वीत रुंद,
कुठे गोलाई नाही, मुंढा नाही,
कात्रीला जवळजवळ उपाशीच ठेवलेलं.
सगळी हातशिलाई. बारीक धावदोरा
आणि दर चार बोटांवर एक उलटा टाका.
असा टाका मी घालते. कुणी शिकवला नाही,
नणंदेच्या लग्नात तिचा ब्लाउज बगलेत उसवला
त्या दिवसापासून घालते.
तिकडच्या त्या बाईचंही
कुणाच्या तरी लग्नात काहीतरी उसवलं असणार.

आणि बाजूच्या शिवणीत
आत दुमडून निजवलेली
चांगली तीन बोटं माया.
तीन बोटं!
आमचे तयार ब्लाउज पाव इंच सोडतात, तोही रडत.

ओकादाबाई, ऋजुता म्हणते, काडीसारख्या.
मग एवढी कुणासाठी सोडली?
"माझ्यासाठी थोडीच," ती म्हणाली,
"शिवणारीला सामंत कुठे माहीत होती?"
अगं, माहीत असलेल्यांसाठी माया सोडत नाहीत.
त्यांना मापात शिवतात.

गुरुवारी घालून बघितला.
पडद्यामागून आवाज, "डावी बाजू वर, ना?
उजवी वर फक्त मेलेल्याला घालतात.
ओकादाबाईंनी तीनदा बजावलंय."
आणखी काय बजावलं?
"थंड पाण्यात धू."
आणखी?
थोडा वेळ नुसती कापडाची सळसळ.
"नाही. एवढंच."

बाहेर आली. पट्टा वाकडा, मान ताठ,
पायात कोल्हापुरी, कारण दुसरं काही नव्हतं.
दळवींनी चावी घासायची थांबवली,
नऊवारीचं काही काढलं नाही,
"रेघ दिसतेय बाजूला" म्हणाले.

दिसतेच आहे.
इतकी वर्षं उन्हात विटलेला निळा एकीकडे
आणि आत दडून राहिलेला, आत्ता बाहेर आलेला
गडद, नवा, दोन बोटं रुंद.
मी तिला आधीच सांगितलं होतं,
वाढवलेलं लपत नाही, धुवून धुवून
सारखं होईल, पण वेळ लागेल.
हवं तर वरून लेस लावते.

तिने आरशात बाजूने बघितलं.
मग दुसऱ्या बाजूने.
लेस नको म्हणाली.

उसवलेला पांढरा दोरा टाकायला गेले
आणि नाही टाकला.
पत्त्याच्या तुकड्यावर गुंडाळून
बटणांच्या डब्यात ठेवलाय.
दीडशे रुपये सांगितले होते.
शंभर घेतले.